दाराशी ठेवलेली मूस

चिमट्यानं थोरलीनं धाकटीची मूस, भुकटी भाजायची मातीची वाटी, अलगद उचलली, भट्टीच्या मधल्या जागेवरून काढली आणि दाराजवळच्या कडेला ठेवली. मग स्वतःची मूस मध्ये सरकवली. ती तबकडीवर नीट बसली की नाही हे वाकून पाहिलं, दार लावलं, खटका दाबला. लाल दिवा लागला. सगळं मिळून एका श्वासाचं काम.

मधली जागा त्या दिवशी धाकटीची होती, आणि मूस ठेवून ती संध्याकाळी पुढे निघून गेली होती. भट्टी जुनी आणि लहान. बाहेरचा आकडा काहीही सांगो, खरी आच मध्ये. दाराकडे ती बरीच उतरते, हे तिथं काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणून मधली जागा पाळीनं मिळायची. दुसऱ्याच्या मुशीला हात लावायचा नाही, हा त्या प्रयोगशाळेचा न लिहिलेला कायदा. सर एरवी मऊ माणूस, पण एवढ्या एका बाबतीत करडे. "दुसऱ्याची मूस हलवणाऱ्यानं दुसरी नोकरी बघावी," असं ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचे, आणि एकाला त्यांनी खरोखरच घरी पाठवलं होतं.

थोरलीनं चिमटा पुसून खुंटीला लावला. तिचा एक नेम होता. रोज घरातून निघताना ती मनाशी ठरवायची, आज कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही. त्या दिवशीही ती बोलली नव्हती. जिभेनं नेम पाळला होता. हाताचं त्यात काही ठरलेलं नव्हतं.

धाकटी तिची जाऊ. दिराचं लग्न झालं तेव्हा सासूबाईंनीच गळ घातली होती, "अगं, तीही तुझ्यासारखंच रसायन शिकलीय. टाक ना शब्द तुझ्या सरांकडे." थोरलीनं शब्द टाकला. धाकटी आली, हंगामी जागेवर, हसत, खांद्यावरची पिशवी सावरत, आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर म्हणाली, "वहिनी, माझं टेबल कुठलं?"

तोवर थोरलीला तिथं सगळे मॅडम म्हणत. आठवडाभरात ती सगळ्यांचीच वहिनी झाली. मापनाच्या खोलीतला माणूस, ज्याच्या खणखणीत आवाजामुळे त्याला सगळे डेसिबल म्हणत, तोसुद्धा भिंतीपलीकडून ओरडायचा, "वहिनी, तुमची कडी लावतोय हो!" मॅडम हा शब्द त्या इमारतीतून गेला तो गेलाच.

काम दोघींचं एकच होतं. लोखंडाचे नि जस्ताचे क्षार पाण्यात विरघळवायचे, त्यात लिंबूसत्व घालून आटवायचं, आणि खाली उरणारा चिकट गोळा भट्टीत भाजायचा. मग मिळते ती ऑक्साईडची भुकटी, कण इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारो मावावेत. ती मेणात कालवून अंगठीएवढी कडी दाबायची आणि मापनाच्या खोलीत तिच्यावर मायक्रोवेव्ह सोडायच्या. किती लहरी परत फिरल्या आणि किती आतच जिरल्या, हे पडद्यावरची रेघ सांगते. रेघ जितकी खोल बुडेल तितकं चांगलं. रुग्णालयासाठी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीला खोक्यांच्या आतून द्यायला असा लेप हवा होता, म्हणजे एका यंत्राच्या लहरींनी दुसऱ्याच्या कामात लुडबुड करू नये.

थोरलीची रेघ कधीच फारशी बुडाली नव्हती. तिचं टेबल आरशासारखं, तिची वजनं अचूक, तिच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या सरळ रेषेत. धाकटीच्या टेबलावर दगडी खल आणि केसांचा चाप एकत्र नांदत. ती चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधायची. आणि तरी सरांच्या तोंडी हल्ली "तिला विचारा, तिच्या डोक्यात काहीतरी असेल," हेच. घरी थोरलीचा स्वतःचा नवराही जेवता जेवता सहज म्हणून गेला होता, "काहीही म्हण, तिच्या हाताला गुण आहे."

काहीही म्हण. थोरलीनं काहीच म्हटलं नव्हतं. भात वाढला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सगळ्यांच्या आधी पोचली. भट्टी निवाली होती. तिनं दोन्ही मुशी जिथल्या तिथे ठेवल्या, धाकटीची मध्ये, आपली कडेला, आणि जाऊन खल पुसत बसली.

धाकटी आली, मुशीचं झाकण काढलं आणि क्षणभर बघत राहिली. भुकटी नेहमीसारखी विटकरी नव्हती. काळपट होती, ओल्या मातीसारखी.

"वहिनी, बघा ना."

"काय?"

"काही नाही. रंग वेगळा आलाय."

"टाकून दे," थोरली म्हणाली. "पुन्हा कर. मापनाचा वेळ कशाला वाया घालवायचा?"

धाकटीनं तिच्याकडे पाहिलं. एरवी ती लगेच काहीतरी बोलली असती, हसली असती. या वेळी नुसती मान हलवली आणि मेण वितळवायला घेतलं.

दुपारी भिंतीपलीकडून डेसिबलची आरोळी आली. शब्द कळले नाहीत, आवाजच कळला. सगळे धावले. थोरली सगळ्यात शेवटी गेली, हात पुसत.

पडद्यावरची रेघ मध्यावर विहिरीसारखी खोल कोसळली होती. शंभरातला एखादा हिस्साही परत येत नव्हता.

"यंत्र बिघडलं की काय, म्हणून दोनदा पुन्हा लावली," डेसिबल म्हणाला. "जिरतंय! सगळं जिरतंय! सासूच्या टोमण्यासारखं नाही, परत येतच नाही!"

सगळे हसले. सर पडद्याच्या अगदी जवळ गेले, मग धाकटीकडे वळले.

"रंग असा कशानं आला?"

"माहीत नाही, सर," धाकटी म्हणाली. ती जमिनीकडे बघत होती.

बावळट, असं थोरलीच्या मनात आलं. स्वतःच्या मुशीत काय शिजलं तेही माहीत नाही. आणि त्याच्या मागोमाग दुसरी गोष्ट आली: मला माहीत आहे. दाराशी आच कमी पडली, लिंबूसत्वातला कोळसा पूर्ण जळला नाही, कणाकणाच्या मध्ये पातळ थर होऊन राहिला. ऑक्साईड नि कोळसा मिळून लहरी गिळतायत. ती मूस मी ठेवली होती. ती विहीर माझी आहे.

तिच्या स्वतःच्या मुशीतली भुकटी, मधल्या जागेवर छान भाजलेली, सुरेख विटकरी होती. रेघ नेहमीसारखी सपाट आली.

"वहिनी, तुमची आज विश्रांती घेतेय वाटतं," डेसिबल म्हणाला.

त्या रविवारी सासूबाईंनी आपल्या बहिणीला फोन केला. त्या दर रविवारी करत, आणि फोन कानाला असला की त्यांचा आवाज दोन मजल्यांना पुरे. खालच्या मजल्यावर थोरलीचा संसार, वर धाकटीचा, आणि सासूबाई जिथं फोन असेल तिथं.

"अगं, आमच्या धाकटीनं काहीतरी मोठं शोधलंय! हो, तीच ती, कायम चष्मा हरवणारी. सर म्हणाले म्हणे, असं आजवर इथं झालं नव्हतं. थोरली? ती आहेच की तिथं. ती बरी आहे."

थोरली ओट्यापाशी गवार मोडत होती. ती बरी आहे, हे तीन शब्द तिनं गवारीबरोबर मोडले, देठापासून टोकापर्यंत, आणि शेंगा संपल्यावरही बोटं थांबेनात.

कंपनीची माणसं येणार असं ठरलं. त्यांच्यासमोर तीच भुकटी पुन्हा बनवून दाखवायची. जमलं तर काम मिळणार, आणि धाकटीची हंगामी जागा कायमची होणार. सरांनी तोंडभरून सांगितलं.

मग ती भुकटी पुन्हा बनेना.

धाकटीनं तीच मापं घेतली, तीच आच, तोच वेळ. मूस मधल्या जागेवर ठेवली. विटकरी भुकटी. सपाट रेघ. सरांनी लिंबूसत्व वाढवायला सांगितलं, वाढवलं. कमी करायला सांगितलं, केलं. नवे क्षार मागवले. पाणी बदललं. डेसिबलनं यंत्राच्या तारा बदलल्या. कुणी आरोळी मारेना. धाकटी सकाळी आली की गुपचूप टेबलाशी बसे. तिचं टेबल हळूहळू नीटनेटकं झालं. ते बघून थोरलीला बरं वाटायला हवं होतं. पहिले काही दिवस वाटलंही. धाकटीची मान खाली गेली की तिचा स्वतःचा खल हलका फिरायचा. घरी जाताना ती बसच्या खिडकीतून बाहेर बघत गाणं गुणगुणली, तेव्हा तिची तीच दचकली.

एकदा जिन्यात धाकटी तिला थांबवून म्हणाली, "वहिनी, तुम्हाला काय वाटतं? काय राहून जात असेल?"

"मी काय सांगणार? काम तुझं."

"तरी. तुम्ही इतकी वर्षं त्या भट्टीशी आहात."

"मापं पुन्हा तपास."

"तपासते," धाकटी म्हणाली. थोडा वेळ तशीच उभी राहिली, जणू अजून काही मिळेल, आणि मग वर गेली.

एका सुट्टीच्या सकाळी थोरली एकटीच प्रयोगशाळेत गेली. घरी सांगितलं, अर्धवट काम आहे. ते खोटं नव्हतं. तिनं स्वतःची मूस भरली, दाराशी ठेवली, मधली जागा रिकामी सोडली आणि खुर्ची ओढून भट्टीसमोर बसली. या वेळी हात लागला तो फक्त स्वतःच्या मुशीला. तरी उठून तिनं खोलीचं दार लावून घेतलं.

भुकटी काळपट आली. ओल्या मातीसारखी.

दुसऱ्या दिवशी डेसिबलनं तिची कडी यंत्रात लावली, पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला.

"वहिनी... मॅडम. सरांना बोलावू?"

सरांच्या खोलीत धाकटी आधीच होती. ती खुर्चीत नव्हती, टेबलासमोर उभी होती, हात मागे बांधून. बोलणं संपत आलं असावं.

"...तर कंपनीला तसं कळवून टाका, सर. माझ्याकडून पुन्हा होत नाही. पहिल्या वेळी काहीतरी चूक झाली असेल."

"आणि तुझी जागा?"

"बघीन दुसरीकडे."

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग दारात उभ्या थोरलीकडे त्यांचं लक्ष गेलं. तिच्या हातातला कागद त्यांनी घेतला. रेघ पाहिली. खुर्चीतून उठले.

"हे कुणाचं?"

"माझं, सर."

"कसं केलंस?"

"मूस दाराशी ठेवून बघितली. तिथं आच कमी लागते. कोळसा राहतो."

"दाराशी!" सरांनी टेबलावर हात आपटला. "अरे, इतके दिवस आपण मापं बदलत बसलो! दाराशी! आणि तुला सुचलं कसं हे?"

"सहज, सर."

"सहज म्हणते!" ते एकदम धाकटीकडे वळले. "म्हणजे तुझ्या पहिल्या वेळी हेच झालं असणार. तुझी मूस दाराशी होती का गं तेव्हा?"

खोली लहान होती. खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. थोरलीनं टेबलाच्या कडेवर बोट ठेवलं आणि ते तिथंच राहू दिलं.

"आठवत नाही, सर," धाकटी म्हणाली.

"आठवत नाही! तुझं हे असं. माणसानं आपली मूस कुठं ठेवली हे आठवू नये?" सर चिडले होते, पण आनंदानं, चिडणं फार वेळ टिकलं नाही. "असो. शोध जिनं कारण सांगितलं तिचा. कंपनीसमोर तू उभं राहायचंस." हे थोरलीला. "शोधनिबंधावर पहिलं नावही तुझं."

"आणि हिचं?" थोरलीनं विचारलं. का विचारलं हे तिचं तिलाच कळलं नाही.

"बघू. हिनं काय केलं म्हणून सांगायचं?"

धाकटीनं थोरलीचा हात हातात घेतला आणि दाबला. तिची बोटं गार होती. "अभिनंदन, वहिनी," ती म्हणाली आणि तिच्या आवाजात काही खोट सापडेना. थोरलीनं शोधून पाहिली.

संध्याकाळी दोघी एकाच बसनं परतल्या. इतके दिवस धाकटी मागच्या बाकावर बसायची; आज शेजारी बसली. स्टॉपवर उतरल्यावर धाकटीनं दुधाच्या पिशव्या घेतल्या, एक वरची, एक खालची. खालची थोरलीच्या हातात दिली.

जिन्याशी पोचल्यावर धाकटी म्हणाली, "बरं झालं, वहिनी, शेवटी तुम्हीच सांगितलंत. मला सांगता येत नव्हतं."

थोरली थांबली. "काय सांगता येत नव्हतं?"

"दाराचं."

"म्हणजे, तुला..."

"त्या संध्याकाळी चष्मा विसरले म्हणून मी परत आले होते. प्रयोगशाळेच्या दाराच्या काचेतून दिसलं." ती सांगत होती ते अगदी साधं, भाजी महाग झाली असं सांगावं तसं. "मग आतच नाही आले. दुसऱ्या दिवशी भुकटीचा रंग बघितला तेव्हाच लक्षात आलं, कशानं झालं ते."

"मग तू का नाही दाराशी ठेवलीस? रोज तर भट्टी लावत होतीस."

"ठेवली असती, जमलंही असतं. पण मग सरांनी विचारलं असतं, पहिल्यांदा मूस तिथं गेली कशी. मला खोटं पचत नाही, वहिनी, तोंडावर दिसतं. त्या दिवशी 'माहीत नाही' म्हणताना वर बघवलं नाही, आणि आज पुन्हा बोलले तर अजून कान गरम आहेत." तिनं खरंच कानाला हात लावला. "आणि सरांचा तो कायदा. तुमची इतकी वर्षं आहेत तिथं. माझं काय, हंगामी."

थोरलीच्या हातातली दुधाची पिशवी गार होती, आणि तिच्यावरचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. तिनं ते पुसलं नाही.

"मला वाटायचं, तुम्ही सांगाल," धाकटी म्हणाली. आता प्रथमच तिच्या आवाजात काहीतरी हललं. "रोज वाटायचं. जिन्यात विचारलंसुद्धा." मग तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "जाते. दूध तापवायचंय, नाहीतर नासेल."

तिची पावलं वर गेली. दाराची कडी वाजली. वरच्या स्वयंपाकघरात भांडं ठेवल्याचा आवाज आला.

खालचं दार उघडंच होतं. आतून सासूबाईंचा आवाज जिन्यापर्यंत येत होता. बातमी घरी आधीच पोचली होती. डेसिबलनं फोन केला असणार.

"थोरलीनं! हो, थोरलीनंच! मी म्हणत नव्हते, ती अबोल आहे पण डोक्यानं भारी? धाकटीला जमत नव्हतं, हिनं बरोबर पकडलं. सगळ्यांसमोर उभी राहणार आहे ती आता. थांब, आलीच बघ ती."

सासूबाई फोन घेऊन दारापाशी आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते थोरलीनं त्या घरात आल्यापासून कधी स्वतःसाठी पाहिलं नव्हतं. त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि फोन पुढे केला.

"घे. मावशीला तुझ्याच तोंडून ऐकायचंय. विचारतेय, एवढं सुचलं कसं तुला?"

थोरलीनं फोन घेतला. कानाशी नेला. पलीकडून मावशी मोठ्यानं हसत म्हणत होत्या, "काय गं, सांग तरी, कसं सुचलं?"

ती उत्तर देणार होती. ओठ उघडलेही होते. मग तिनं फोन खाली घेतला, सासूबाईंच्या हातात परत दिला, दुधाची पिशवी उंबऱ्याच्या आत टेकवली आणि चपला न काढताच वळून वरच्या पायऱ्या चढू लागली.

"अगं, कुठं चाललीस? काय सांगू तिला?"

"सांगा," थोरली म्हणाली, आणि कठड्याला धरून एक पायरी थांबली. "धाकटीला विचारून सांगते."